टर्मिनल त्यांचं, डिपॉझिट आपलं!

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसखालच्या टपरीवर कटिंग पीत उभ्या असलेल्या कुठल्याही ग्रुपजवळ पाच मिनिटं रेंगाळा. पूर्वी तिथे अप्रेझल, ऑनसाइट आणि वन बीएचकेचे रेट असे विषय रंगायचे. हल्ली त्या ग्रुपात एक तरी जण हमखास असा असतो, जो सहज आवाजात सांगतो, 'आज सकाळी दोन हजार काढले यार. मीटिंग सुरू व्हायच्या आधी.' बाकीचे चहाचा घोट घेता घेता मनातल्या मनात गुणाकार करतात. दोन हजार गुणिले वीस दिवस... म्हणजे चाळीस हजार! मग आपण त्या मॅनेजरचं तोंड रोज कशासाठी बघतोय?

या गुणाकारापर्यंत सगळेच येतात. काही जण त्याच्या पुढे जातात. डे ट्रेडिंग हेच करिअर, असं ठरवतात आणि मग त्यांना शोध लागतो तो 'प्रॉप डेस्क'चा. प्रॉप म्हणजे प्रोप्रायटरी. पैसा कंपनीचा, टर्मिनल कंपनीचं, डोकं तुमचं आणि नफा निम्मा-निम्मा. ऐकायला एकदम सॉलिड वाटतं ना?

आमच्या घरात हा शोध लावला माझ्या मावसभावानं. वय 25, ठाण्यात एका विमा कंपनीच्या बॅक ऑफिसात नोकरी, हातात पगार 34 हजार. पश्चिम उपनगरातल्या एका ट्रेडिंग फर्मनं त्याला 'संधी' देऊ केली होती. अट एकच, 3 लाख रुपये डिपॉझिट. ते येणार होते डोंबिवलीच्या मावशीच्या एफडीतून. मावशीचा फोन आला, 'अगं, तू मासिकात लिहितेस ना, मग जरा जाऊन बघून ये. हा ऐकायच्या मनःस्थितीत नाही. नोकरीचा राजीनामासुद्धा टाइप करून ठेवलाय.'

मी त्याच्याशी बोलायला गेले तर त्यानं पहिल्याच वाक्यात माझी विकेट काढली. 'ताई, तू पण पगाराची नोकरी सोडलीस ना? तेव्हा तुला कोणी अडवलं होतं का?'

मुद्दा बरोबर होता. म्हणून म्हटलं, उपदेश नको. आपण दोघं मिळून हे प्रकरण नीट समजून घेऊ. मग तू ठरव.

जॉबर ते प्रॉप ट्रेडर

सगळ्यात आधी एक गोष्ट. हा धंदा काही काल-परवाचा नाही. मुंबईचा शेअर बाजार 1875 चा. दलाल स्ट्रीटवरच्या ट्रेडिंग रिंगमध्ये 'जॉबर' नावाची जमात असायची. हे लोक शेअर घरी नेण्यासाठी घ्यायचेच नाहीत. एका भावात घ्यायचा, दोन-चार आणे वर मिळाले की विकायचा, संध्याकाळी हात मोकळे. 1994 मध्ये एनएसईचं स्क्रीनवरचं ट्रेडिंग सुरू झालं, मार्च 1995 मध्ये बीएसईनं बोल्ट ही कॉम्प्युटर प्रणाली आणली आणि रिंगमधला गोंगाट थांबला. जॉबर मात्र संपले नाहीत. ते ब्रोकरच्या ऑफिसात, एसीमध्ये, स्क्रीनसमोर येऊन बसले. आजही जुन्या ऑफिसांत या कामाला 'जॉबिंग'च म्हणतात. व्हिजिटिंग कार्डावर 'प्रॉप ट्रेडर' छापतात, एवढंच!

नियमाप्रमाणे ब्रोकर दोन प्रकारचे सौदे करू शकतो. एक ग्राहकासाठी, दुसरा स्वतःसाठी. ऑर्डर टाकताना ती 'क्लायंट' आहे की 'प्रो', हे सिस्टिमला सांगावं लागतं. प्रो म्हणजे ब्रोकरचा स्वतःचा पैसा, स्वतःची जोखीम. प्रॉप डेस्कवर बसणारा मुलगा या प्रो खात्यात सौदे करतो.

मग या डेस्कांची एवढी चलती का? एक कारण 2021 मध्ये सापडतं. त्याआधी काही ब्रोकर इंट्राडेसाठी खात्यातल्या पैशांच्या वीस-तीसपट सौदे करू द्यायचे. सेबीनं डिसेंबर 2020 पासून टप्प्याटप्प्यानं 'पीक मार्जिन'चा नियम आणला आणि सप्टेंबर 2021 पासून तो पूर्ण लागू झाला. आता शेअरमध्ये इंट्राडेसाठी किमान 20 टक्के रक्कम भरावीच लागते, म्हणजे जास्तीत जास्त पाचपट. खिशात 50 हजार असतील तर अडीच लाखांचा सौदा, बस. ज्यांना यापेक्षा मोठं खेळायचं होतं त्यांना प्रॉप डेस्क खुणावू लागले. भावाला मिळणार होतं 3 लाखांवर 30 लाखांचं लिमिट. दहापट!

अर्थात हे लिमिट आकाशातून पडत नाही. एक्स्चेंजचं मार्जिन फर्मलाही भरावंच लागतं. फर्म फक्त स्वतःच्या भांडवलातला एक तुकडा तुमच्या नावावर लावते.

सव्वानऊ ते साडेतीन

फर्मच्या मालकांनी दोन दिवस बसून बघायची परवानगी दिली. नाव छापायचं नाही, या अटीवर. ऑफिस स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर, एका शॉपिंग सेंटरच्या दुसऱ्या मजल्यावर. तीसेक मुलं, प्रत्येकासमोर दोन-दोन स्क्रीन. सिनेमात दाखवतात तसा आरडाओरडा वगैरे काही नाही. लायब्ररीत असते तेवढी शांतता आणि की-बोर्डचा आवाज. एफ-वन दाबलं की खरेदीची निळी खिडकी, एफ-टू दाबलं की विक्रीची लाल. माउसला हात लावणारा नवखा समजला जातो.

मुलं पावणेनऊला येतात. मोबाइल एका ट्रेमध्ये जमा. नऊला प्री-ओपन सुरू, सव्वानऊला खरा बाजार. पहिली पंचेचाळीस मिनिटं कोणी कोणाशी बोलत नाही. बारानंतर बाजार पेंगतो, तेव्हा डबे उघडतात. दुपारी लंडन उघडलं की पुन्हा थोडी हालचाल. तीन वाजून वीस मिनिटांच्या आत सगळे सौदे कापायचे, कारण रात्रीत पोझिशन न्यायची नाही. पावणेचारला प्रत्येकाच्या हातात दिवसाचा हिशेब.

मालकाच्या केबिनशेजारी एक स्क्रीन आहे आणि तिथे 'आरएमएस'वाला बसतो. रिस्क मॅनेजमेंट. त्याला सगळ्यांचा नफा-तोटा एकाच वेळी दिसतो. प्रत्येकाला दिवसाचं लॉस लिमिट असतं. ते ओलांडलं की तो तुमचं टर्मिनल बंद करतो. विचारत नाही, सांगत नाही, स्क्रीनवर ऑर्डर घेणं थांबतं.

पहिल्या दिवशी दहा वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या रांगेतल्या एका मुलाचं टर्मिनल असं बंद झालं. 6 हजार गेले होते. मला वाटलं, आता तो घरी जाईल. गेला नाही. साडेतीनपर्यंत तिथेच बसून राहिला, भाव बघत. आपण विकलेला शेअर पुढे कुठे जातोय ते बघत. दुपारी डब्याच्या वेळी मी त्याला विचारलं, 'घरी का नाही जात?' म्हणाला, 'इतक्या लवकर गेलो तर बायकोला कळतं.'

भाऊ माझ्या शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही.

पण खरं सांगायचं तर हे आरएमएस प्रकरण मला या डेस्कची सगळ्यात चांगली गोष्ट वाटली. घरी बसून मोबाइलवर ट्रेड करणाऱ्याचं टर्मिनल कोण बंद करणार? तोटा झाला की आपण अॅव्हरेज करतो, मग अजून अॅव्हरेज करतो, मग 'लाँग टर्म'साठी ठेवतो. डेस्कवर ही चैन नाही. रिंगच्या जमान्यापासून जॉबिंग करणारे, आता साठीला टेकलेले एक काका तिथे होते. त्यांनी त्यांचा फंडा एका वाक्यात सांगितला, 'पोरी, कमवायला कोणीही शिकतो. वेळेत कापायला शिकायला मला आठ वर्षं लागली.'

डेस्कवर सगळ्यात निवांत दिसणारे दोघं होते ते आर्बिट्राज करणारे. एकाच शेअरच्या कॅश आणि फ्युचरच्या भावातला फरक पकडायचा. एकदम बोअर काम, तुटपुंजा नफा, पण रोजचा. त्यांच्यापैकी कोणाचंही डिपॉझिट नव्हतं. ते पगारावर होते. हे मी डायरीत अधोरेखित करून ठेवलं.

मीटर डाउन!

आता आकड्यांकडे येऊ. घाबरू नका, पाचवीचं गणित आहे.

समजा 500 रुपयांचे 200 शेअर घेतले, म्हणजे 1 लाखाचा सौदा, आणि त्याच दिवशी जवळपास त्याच भावात विकले. डिस्काउंट ब्रोकर दर ऑर्डरला 20 रुपये घेतो असं धरू, येऊन-जाऊन 40. विक्रीवर 0.025 टक्के एसटीटी, म्हणजे 25 रुपये. खरेदीवर 0.003 टक्के स्टँप ड्युटी, 3 रुपये. एक्स्चेंजचे चार्जेस दोन्ही बाजूंचे मिळून साधारण 6 रुपये. सेबीची फी काही पैसे. ब्रोकरेज आणि चार्जेसवर 18 टक्के जीएसटी, साधारण 8 रुपये. एकूण झाले 82.

म्हणजे शेअर 41 पैसे वर गेला तर तुम्ही शून्यावर. या किमतीच्या शेअरचा भाव पाच-पाच पैशांच्या टप्प्यानं हलतो. आठपेक्षा जास्त टप्पे फक्त मीटर भरण्यात गेले! दिवसाला असे दहा सौदे आणि महिन्याला वीस दिवस धरले तर साडेसोळा हजारांच्या आसपास. एक रुपयाही कमवायच्या आधी.

प्रॉप डेस्कवर हेच गणित बदलतं. फर्म स्वतःच ब्रोकर असेल तर ब्रोकरेज नाही. त्याच 1 लाखाच्या सौद्याला खर्च येतो साधारण 35 रुपये, म्हणजे शेअरमागे साडेसतरा पैसे. प्रॉप डेस्कची खरी ताकद ही आहे. लिमिट वगैरे नंतर. 41 पैशांवर जगू न शकणारा माणूस साडेसतरा पैशांवर कदाचित जगू शकतो.

सेबीनं जुलै 2024 मध्ये इंट्राडे करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. 2022-23 या वर्षात शेअर्समध्ये इंट्राडे करणाऱ्या दर दहापैकी सात जणांना तोटा झाला. वर्षाला पाचशेपेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 80 टक्क्यांवर गेलं. तिशीच्या आतल्यांमध्ये 76 टक्के. आणि तोट्यात गेलेल्यांनी त्यांच्या तोट्याच्या वर आणखी 57 टक्के रक्कम नुसत्या खर्चात घालवली होती. सराव वाढला की जमायला लागतं, हे क्रिकेटमध्ये खरं असेल. इथे जास्त खेळणाराच जास्त बाद होतोय.

'म्हणूनच तर मी डेस्कवर जातोय,' भाऊ म्हणाला. 'प्रॉपवाले जिंकतातच ना?'

जिंकतात. सप्टेंबर 2024 च्या सेबीच्या दुसऱ्या अभ्यासानुसार 2023-24 मध्ये एफ अँड ओमध्ये प्रॉप ट्रेडर्सनी खर्च धरण्याआधी 33 हजार कोटींचा नफा कमावला. पण पुढची ओळ वाचा. त्यातला 96 टक्के नफा अल्गोंचा होता. 2008 मध्ये सेबीनं डायरेक्ट मार्केट अॅक्सेसला परवानगी दिली, पुढच्या दोनेक वर्षांत को-लोकेशन आलं, म्हणजे ब्रोकरचा सर्व्हर थेट एक्स्चेंजच्या शेजारी. तिथे माणसाची पापणी लवायच्या आत हजारो ऑर्डरी जाऊन येतात. ज्या 'प्रॉप'चा नफा पेपरात छापून येतो ते हे प्रॉप. शॉपिंग सेंटरच्या दुसऱ्या मजल्यावर एफ-वन दाबणारा मुलगाही प्रॉपच, पण त्याची गाडी वेगळी आणि रस्ता मात्र तोच.

करारातलं बारीक अक्षर

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी कराराचा कागद घेतला आणि एका उडप्याच्या हॉटेलात बसून ओळ न् ओळ वाचली. दोन मसाला डोसे आणि तीन कॉफ्या होईपर्यंत. जे सापडलं ते असं :

नफा पन्नास-पन्नास टक्के. तोटा मात्र शंभर टक्के डिपॉझिटमधून. म्हणजे 'पैसा कंपनीचा' हे वाक्य नफ्याच्या दिवशीच खरं.

डिपॉझिट 2 लाखांवर आलं की टर्मिनल बंद. पुन्हा सुरू करायचं तर वरचे पैसे भरा.

महिन्याला 8 हजार 'डेस्क फी', ट्रेडरच्या वाट्यातून. नफा असो वा नसो.

सोडून जायचं तर डिपॉझिट 90 दिवसांनी परत, 'योग्य ती वजावट करून'. योग्य म्हणजे किती, ते लिहिलेलं नव्हतं.

डिपॉझिटचा चेक ज्या नावानं मागितला होता ते नाव ब्रोकरेज फर्मचं नव्हतंच. मालकांच्या दुसऱ्याच एका कंपनीचं होतं.

आणि संपूर्ण कागदावर 'कर्मचारी' हा शब्द एकदाही नव्हता. 'असोसिएट' होता. पगार नाही, पीएफ नाही.

आता जरा विचार करा. तोटा तुमच्या पैशातून जातो, तर मग ती जोखीम फर्मची कशी? आणि फर्मची नसेल तर तो सौदा 'प्रो' कसा? प्रो खातं ब्रोकरच्या स्वतःच्या सौद्यांसाठी असतं. दुसऱ्याच्या पैशाचे सौदे तिथे बसवणं नियमात बसत नाही. 2003 मध्ये सेबीनं असंही सांगितलं होतं की, प्रो खात्यात ऑर्डर टाकायची सोय ब्रोकरच्या एकाच ठिकाणी असेल, जास्त ठिकाणी हवी तर एक्स्चेंजची परवानगी घ्या. म्हणून विचारायचं, 'तुमच्या या ऑफिसला ती परवानगी आहे का? बघायला मिळेल?' आम्ही विचारलं. उत्तर मिळालं, 'आमच्यावर विश्वास नसेल तर कशाला येताय?'

यातला सगळ्यात टोचणारा मुद्दा पुढचा आहे. तुम्ही एखाद्या ब्रोकरचे नोंदणीकृत ग्राहक असाल आणि ब्रोकर बुडाला, तर एक्स्चेंजचा गुंतवणूकदार संरक्षण निधी असतो, सेबीचं स्कोअर्स पोर्टल असतं. या 'असोसिएट'चं काय? तो ग्राहक नाही आणि कर्मचारीही नाही. त्याचं डिपॉझिट अडकलं तर वकील गाठायचा आणि कोर्टाच्या तारखा मोजायच्या.

टॅक्सचंही समजून घ्या. स्वतःच्या खात्यात शेअर्सचं इंट्राडे केलं तर ते उत्पन्न 'स्पेक्युलेटिव्ह बिझनेस'चं. तोटा झाला तर तो पगारातून वजा होत नाही, फक्त पुढच्या चार वर्षांतल्या तशाच नफ्यातून होतो. डेस्कवर सौदे फर्मच्या नावानं असतात, तुम्हाला मिळतो तो मोबदला. मग डिपॉझिटमधून गेलेला तोटा तुमच्या रिटर्नमध्ये कुठे दाखवणार, हे करार सही करण्याआधीच सीएला विचारा.

आणि ते 'चॅलेंज'वाले

इन्स्टावर आणखी एक प्रकार दिसतो. 'फंडेड अकाउंट'. परदेशी वेबसाइट, काही हजार रुपये फी भरा, चॅलेंज पास करा आणि लाख डॉलरचं खातं मिळवा. इथे बऱ्याचदा सौदा खऱ्या बाजारात जातच नाही, डेमो खात्यावर चालतो आणि बक्षिसाची रक्कम येते ती नापास झालेल्यांच्या फीमधून. शिवाय परदेशी प्लॅटफॉर्मवर फॉरेक्सच्या मार्जिनसाठी इथून पैसे पाठवणं एलआरएसच्या नियमात बसत नाही. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2022 पासून अशा अनधिकृत फॉरेक्स प्लॅटफॉर्म्सची सावधगिरीची यादीच प्रसिद्ध केली आहे. नाव टाकण्याआधी ती बघून घ्या. आणि कोणी 'खातं तुझं, पासवर्ड आमच्याकडे' म्हणालं, तर सरळ फोन ठेवा.

रजेचे दोन आठवडे

एवढं सगळं वाचूनही भावाचा चेहरा पडला नव्हता. मला ते आवडलं. म्हणाला, 'कागद वाईट आहे, मान्य. पण मला जमतंय की नाही, हे कसं कळणार?'

मग त्यानंच डोकं लढवलं. शिल्लक रजेतले दहा दिवस काढले. स्वतःचं खातं, खरे पैसे, पण छोटा आकार. 500 रुपयांच्या आसपासचा एकच शेअर, दर सौद्याला 50 नग, म्हणजे 25 हजार. डेस्कचेच नियम, सव्वानऊला हजर, मोबाइल दुसऱ्या खोलीत, लॉस लिमिट ठरलेलं. आरएमएसचं काम कोणी केलं असेल? मावशीनं! दिवसाचा तोटा 300 वर गेला की ती वायफाय बंद करायची. दोनदा केलं.

दहा दिवसांत 48 सौदे झाले. खर्च धरण्याआधी नफा 910 रुपये. मावशी पेढे आणायला निघाली होती. मग आम्ही कॉन्ट्रॅक्ट नोट काढल्या. लहान सौद्याला ब्रोकरेज टक्क्यात पडतं, त्यामुळे खर्च येत होता सौद्यामागे साडेसव्वीस रुपये. गुणिले 48, म्हणजे 1,272. हातात राहिले उणे 362.

'पण डेस्कवर खर्च कमी!' तो लगेच म्हणाला. बरोबर. म्हणून तोही हिशेब मांडला. डेस्कच्या दरानं खर्च 422, नफा 488. आता हे वीसपट मोठं करू, दर सौद्याला 5 लाख. दोन आठवड्यांचे झाले 9,760, महिन्याचे 19,520. निम्मे फर्मचे. उरले 9,760. डेस्क फी 8 हजार वजा. हातात 1,760.

मावशीच्या 3 लाखांच्या एफडीवर वर्षाला साडेसहा टक्के धरले तर महिन्याला 1,625 पडतात.

म्हणजे 34 हजारांची नोकरी सोडून, 3 लाख पणाला लावून, दिवसभर स्क्रीनला डोळे लावून एफडीपेक्षा 135 रुपये जास्त! आणि तेही 50 शेअर ज्या भावात मिळाले त्याच भावात हजार मिळतील, असं गृहीत धरून. ते कधीच मिळत नाहीत.

तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, 'पण ताई, मी खर्चाआधी प्लसमध्ये होतो. हे लिहून ठेव.' लिहून ठेवलं. दहा दिवसांच्या नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही.

त्याच्या त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा सुचलं. हो, मीही पगार सोडला. माझेही महिने कोरडे जातात, चेक उशिरा येतात. पण लेख नापसंत झाला तर संपादक माझ्या आईच्या एफडीतून पैसे कापून घेत नाहीत. नोकरी सोडायला हरकत नाही. फक्त काम करायची जागा मिळावी म्हणून आपणच डिपॉझिट भरायचं असेल, तर ती नोकरी आहे की आपणच त्यांचं गिऱ्हाईक, हे आधी तपासायचं.

तुमच्याही मनात डेस्क घोळत असेल तर एवढं विचारूनच सही करा. फर्म सेबीकडे आणि एक्स्चेंजकडे नोंदलेली आहे का, आणि चेक त्याच नावानं जातोय का? तोटा कोणाचा? पगार किंवा किमान स्टायपेंड आहे का? डिपॉझिट किती दिवसांत, किती वजा होऊन परत मिळणार, हे आकड्यात लिहिलंय का? दर सौद्याला खर्च किती लावणार, त्याची रोजची प्रत मिळेल का? या पाच प्रश्नांवर ज्या मालकाला राग येत नाही, त्याच्याकडे बसायला हरकत नाही.

भावानं तो राजीनामा डिलीट केलेला नाही. फोल्डरमध्ये आहे म्हणतो. दरम्यान संध्याकाळी तो एनआयएसएमच्या इक्विटी डेरिव्हेटिव्ह्ज परीक्षेचा अभ्यास करतोय, कारण पगारावर माणसं घेणाऱ्या डेस्कवर एफ अँड ओच्या टर्मिनलला हात लावायचा तर ते सर्टिफिकेट लागतं. त्या आर्बिट्राजवाल्या दोघांकडून त्यानं एका फर्मचं नाव मिळवलंय. पुढच्या महिन्यात इंटरव्ह्यू आहे. डिपॉझिट शून्य, स्टायपेंड त्याच्या आत्ताच्या पगारापेक्षा कमी.

मावशीनं एफडी रिन्यू केली. आणि वायफायचा पासवर्ड बदललाय. सव्वानऊ ते साडेतीन.